बंदूक, शिकार व नेमबाजी : भारतातील विचारप्रवाह

बंदूक बाळगण्याचा अधिकार, तिच्या साहाय्याने केली जाणारी शिकार आणि अचूक नेम साधण्याचे कौशल्य यांविषयी भारतात वेळोवेळी व्यक्त झालेली मते व त्यांतून घडलेली धोरणे यांचा इतिहास. या तिन्ही गोष्टी व्यवहारात एकाच शस्त्राशी निगडित असल्या, तरी त्यांविषयीचा भारतीय विचार एकाच दिशेने गेलेला नाही. नेमाची अचूकता हा येथे सर्वकाळी गौरवाचा विषय होता. शिकारीविषयी स्तुती व निषेध हे दोन्ही सूर प्राचीन काळापासून आढळतात. शस्त्र कोणी बाळगावे हा प्रश्न मात्र मुख्यतः राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातील विश्वासाचा प्रश्न म्हणून पुढे आला. ब्रिटिश अमदानीत तो राष्ट्रीय स्वाभिमानाचा झाला आणि स्वातंत्र्यानंतर त्याचे उत्तर बदलले.

रायफल म्हणजे नळीच्या आतील पृष्ठभागावर सर्पिल खाचा असलेली बंदूक. या खाचांमुळे गोळीस स्वतःच्या अक्षाभोवती गती मिळते व ती सरळ मार्गाने दूरवर जाते. अशा नळ्या यूरोपात सोळाव्या शतकापासून माहीत होत्या. तथापि गोळी खाचांत घट्ट बसवून ठासण्यास वेळ लागत असल्याने सैन्यात गुळगुळीत नळीची मस्केट बंदूकच प्रचारात राहिली. १८४९ च्या सुमारास फ्रेंच अधिकारी क्लोद मिन्ये याने बनविलेल्या, बार उडताच बुडाशी फुगून खाचांत बसणाऱ्या गोळीने ही अडचण दूर झाली. मस्केटचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. नव्या रायफलीने काहीशे यार्डांवरील लक्ष्य टिपता येऊ लागले. शस्त्राची शक्ती अशी वाढल्यामुळे ते कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाचे महत्त्वही वाढले.

प्राचीन विचार : भारतीय महाकाव्यांत लक्ष्यवेधाला मोठी प्रतिष्ठा आहे. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत केवळ पक्ष्याचा डोळा पाहणारा अर्जुन हा एकाग्रतेचा आदर्श मानला गेला. त्याच महाकाव्यांत शिकारीतून उद्‌भवलेल्या अनर्थांच्या कथाही आहेत. आवाजाच्या रोखाने बाण सोडणाऱ्या दशरथाच्या हातून पाणी भरणारा तपस्विपुत्र मारला जातो. मृगरूपातील ऋषीला मारल्याबद्दल पंडूला शाप मिळतो. कौशल्य श्रेष्ठ, परंतु न दिसलेल्या लक्ष्यावर सोडलेले शस्त्र घातक, हा त्यांतील अर्थ आजच्या नेमबाजीच्या नियमांशीही जुळणारा आहे.

स्मृतिकारांनी मृगयेची गणना राजाच्या कामज व्यसनांत केली असून मनुस्मृतीत ती सर्वांत अनिष्ट अशा चार व्यसनांपैकी एक मानली आहे. कौटिल्याने या प्रश्नाचा व्यावहारिक विचार केला. द्यूतापेक्षा मृगया अधिक वाईट, कारण तीत चोर, शत्रू, श्वापदे, वणवा, दिशाभूल, भूक व तहान यांचे भय असते, हे पिशुनाचे मत देऊन त्याने ते अमान्य केले. मृगयेने व्यायाम घडतो, मेद झडतो, स्थिर व चल अशा दोन्ही लक्ष्यांवर नेम साधण्याचा सराव होतो आणि प्राण्यांच्या क्रोधाचे व भयाचे ज्ञान होते, असे त्याचे म्हणणे आहे. कालिदासाच्या शाकुंतल नाटकाच्या दुसऱ्या अंकात सेनापती याच धर्तीवर मृगयेचे गुण गातो, तर तिच्या दगदगीने त्रासलेला विदूषक तिची निंदा करतो. अशोकाने आपल्या शिलालेखांत विहारयात्रांऐवजी धर्मयात्रा सुरू केल्याचे नमूद केले असून त्याच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास  या ग्रंथात मात्र मृगयेचा विचार राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून केलेला आहे. तात्पर्य, शिकार करावी की करू नये, याविषयी भारतीय परंपरेत एकमत कधीच नव्हते.

मोगल व मराठा काळ : तोड्याच्या बंदुकीचा प्रसार झाल्यावर शिकारीचे स्वरूप पालटले. अकबराला बंदुकांची विशेष आवड होती. ‘संग्राम’ नावाच्या त्याच्या आवडत्या बंदुकीने १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल राठोड मारला गेला, असे अबुल फज्‌ल सांगतो. बादशहाची शिकार ही केवळ करमणूक नसून पूर्वसूचना न देता रयतेची व सैन्याची स्थिती पाहण्याचे ते साधन होते, असेही त्याने लिहिले आहे. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात शिकारीचा हिशेब दिला असून त्याच्या राज्यारोहणाच्या अकराव्या वर्षापर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ प्राणी मारले गेले. त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतः मारले होते. नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याची नोंदही त्याने कौतुकाने केली आहे.

या काळात शस्त्र ही केवळ राजाची मिरास नव्हती. उत्तर हिंदुस्थानात शेतकरीही शस्त्र बाळगीत व हंगाम संपल्यावर सैन्यात चाकरी धरीत. मराठ्यांच्या लष्करात बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. शिलेदारी पद्धतीत राज्याचे लष्करी सामर्थ्य काही अंशी घरोघरच्या हत्यारांवरच उभे होते. त्यामुळे दसऱ्याच्या शस्त्रपूजनाला लष्करी व कौटुंबिक असा दुहेरी अर्थ होता.

निःशस्त्रीकरण : १८५७ च्या उठावाचे तात्कालिक निमित्त एका रायफलीनेच पुरविले. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीचे चरबी लावलेले काडतूस दाताने तोडावे लागे. ती चरबी गाईची व डुकराची असल्याच्या समजुतीने हिंदू व मुसलमान शिपायांत असंतोष पसरला. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूर येथे मंगल पांडे याने शस्त्र उचलले व १० मे रोजी मीरतच्या शिपायांनी उठाव केला. उठाव मोडल्यानंतर अवधमध्ये गढ्या पाडून लाखाहून अधिक बंदुका जमा करण्यात आल्या. देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा कमी प्रतीची शस्त्रे देण्याचे धोरण दीर्घकाळ पाळण्यात आले. १८६० च्या अधिनियमाने शस्त्रांची निर्मिती, आयात व विक्री यांवर नियंत्रण आणले आणि एखादा प्रदेश निःशस्त्र करण्याचा अधिकार सरकारला दिला.

लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ मध्ये भारतीय शस्त्र अधिनियम संमत झाला. त्यानुसार परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. परंतु त्याखालील नियमांनी यूरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना आणि काही मानकरी हिंदी गृहस्थांना परवान्यातून सूट मिळाली. या भेदाने कायद्याविषयी विशेष रोष निर्माण झाला. वस्तुतः इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कांच्या सनदेने प्रॉटेस्टंट प्रजेला कायद्याच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याची मुभा दिली होती. १८५९ मध्ये तेथे स्वयंसेवक पथके व त्यांच्या नेमबाजीला उत्तेजन देण्यासाठी राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि १८६० मध्ये विंबल्डन येथील पहिल्या स्पर्धेचा पहिला बार राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते झाला. स्वदेशी नागरिकाच्या नेमबाजीला राष्ट्रीय सद्‌गुण मानणारे राज्यकर्ते हिंदुस्थानात तीच गोष्ट धोक्याची समजत. १८८५ मध्ये रशियाच्या स्वारीच्या भीतीने स्वयंसेवक पथके वाढविण्यात आली, तेव्हा त्यांत प्रवेश मिळावा ही सुशिक्षित हिंदी लोकांची मागणीही नाकारण्यात आली.

१८७८ मध्येच भारतीय वन अधिनियम संमत झाला. राखीव जंगलांतील शिकार व इतर वहिवाटी त्यामुळे सरकारी परवानगीवर अवलंबून राहिल्या. एकाच वर्षातील या दोन कायद्यांमुळे ग्रामीण व वनवासी जनतेच्या हातचे शस्त्र आणि तिचे जंगल ही दोन्ही नियंत्रणाखाली आली.

सरसकट निःशस्त्रीकरणाला अपवाद म्हणून कोडगूचे (कूर्गचे) उदाहरण महत्त्वाचे आहे. इंग्रजांशी एकनिष्ठ राहिल्याबद्दल तेथील लोकांना १८६१ मध्ये शस्त्रविषयक बंधनांतून सूट मिळाली. कोडव समाजात बंदुकीला धार्मिक व सामाजिक स्थान असून कैलपोळ्द या सणाला शस्त्रांची पूजा होते. ही सूट स्वतंत्र भारतातही चालू राहिली व २०१९ मध्ये केंद्र शासनाने ती २०२९ पर्यंत वाढविली. घरोघर बंदूक असणे व समाजजीवन सुरळीत चालणे यांत अपरिहार्य विरोध नाही, असे मानणारे या उदाहरणाचा आधार घेतात. परंतु ती सूट निष्ठेचे बक्षीस म्हणून मिळाली होती, ही गोष्टही त्याच उदाहरणातून स्पष्ट होते.

राष्ट्रीय चळवळीतील मते : शस्त्र अधिनियमाविरुद्धची मागणी काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून ठरावाच्या रूपाने मांडली. निःशस्त्र प्रजा भित्री व परावलंबी होते. चोरदरोडेखोर व हिंस्र श्वापदे यांपासून तिला स्वतःचे रक्षण करता येत नाही. आणि वंशावरून सूट देणे हा अपमान आहे, असे या मागणीमागील मुख्य युक्तिवाद होते. देशी वृत्तपत्रांवर बंधने घालणारा १८७८ चा कायदा लॉर्ड रिपनच्या काळात चार वर्षांच्या आत रद्द झाला. शस्त्र अधिनियम मात्र ८४ वर्षे टिकला. लेखणीपेक्षा बंदुकीविषयीचा सरकारचा अविश्वास किती खोल होता, हे यावरून दिसून येते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला क्रांतिकारक चळवळीचीही बाजू होती. वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ च्या आरंभी रामोशी व इतर साथीदारांसह उठाव केला, तेव्हा शस्त्रांची व पैशाची चणचण ही त्यांची मुख्य अडचण होती. जुलैमध्ये ते पकडले गेले. पुढे शस्त्रे परदेशांतून गुप्तपणे आणण्याचे प्रयत्न झाले. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून पाठविलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाचा उपयोग अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नासिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी केला. परवान्याच्या बंधनाने सामान्य नागरिक निःशस्त्र झाला, तरी कटवाल्यांना शस्त्र मिळणे थांबले नाही, असे टीकाकार म्हणत. उलट अशा घटना दाखवून सरकार कायद्याची आवश्यकता प्रतिपादन करी.

अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या महात्मा गांधींनीही या कायद्याचा तीव्र निषेध केला, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा त्यांनी ब्रिटिश राज्याच्या सर्वांत काळ्याकुट्ट कृत्यांत गणला. शस्त्राचा त्याग हा ज्याला शस्त्र धरता येते त्यानेच करावयाचा असतो. असहाय्यतेतून आलेली अहिंसा ही अहिंसा नव्हे, ही त्यांची त्यामागील भूमिका होती. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी मांडलेल्या अकरा मागण्यांत लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने मिळावेत, ही एक मागणी होती. त्यापूर्वी १९२८ च्या नेहरू अहवालात आणि नंतर १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क समाविष्ट करण्यात आला. दरम्यान पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिकांनी व सेवकांनी परदेशांत कामगिरी केल्यावर वंशभेदावर आधारलेली सूट सरकारला काढून टाकावी लागली. परवान्याची पद्धत मात्र कायम राहिली.

संविधान सभेतील निर्णय : साठ वर्षांच्या या मागणीची परिणती संविधानातील मूलभूत हक्कात होईल, अशी अपेक्षा काहींना होती. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती संविधान सभेत मांडली व काँग्रेसच्या पूर्वीच्या ठरावांची आठवण करून दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते शस्त्र निर्बंधावाचून विकत घेण्याचा हक्क दिल्यास राज्यकारभार चालविणे अशक्य होईल, असे त्यांनी सांगितले. शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा देशाच्या संरक्षणासाठी ते धरण्याच्या कर्तव्यावर भर द्यावयास हवा, असेही त्यांचे प्रतिपादन होते. सभेने ती दुरुस्ती फेटाळली.

हा निर्णय म्हणजे पूर्वीच्या मागणीचा केवळ विसर नव्हता. मागणीचे मूळ परक्या सरकारच्या अविश्वासात होते. सरकार लोकांचे झाल्यावर ते मूळ उरले नाही, असे बहुसंख्य सदस्यांना वाटले असावे. फाळणीच्या वेळचा हिंसाचार आणि जानेवारी १९४८ मध्ये पिस्तुलाच्या गोळ्यांनी झालेला गांधीजींचा वध या घटनाही ताज्या होत्या. अमेरिकेची वाटचाल याहून वेगळी आहे. तेथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने नागरी सैन्यदलाच्या संदर्भात शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद केला. सैनिकांच्या सदोष नेमबाजीचा अनुभव आलेल्या यादवी युद्धातील अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये स्थापन केलेली राष्ट्रीय रायफल संघटना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हक्काची प्रमुख राजकीय पुरस्कर्ती बनली. २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घरी बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. भारतात हक्क नाही, परवाना आहे. म्हणून वादही हक्काच्या मर्यादेविषयी न होता परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या विवेकाविषयी होतो.

स्वतंत्र भारतातील कायदा : १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला व १८७८ चा अधिनियम रद्द झाला. संरक्षणासाठी वा क्रीडेसाठी लागणारी, किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकसंरक्षणासाठी लागणारी ठासणीची बंदूक यांचे परवाने देण्याबाबत या अधिनियमाने तुलनेने उदार धोरण स्वीकारले. इतर शस्त्रांसाठी सबळ कारण दाखवावे लागते. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीन व २०१९ च्या दुरुस्तीने ती दोन ठरविण्यात आली. नेमबाज खेळाडूंना सवलत ठेवण्यात आली. लग्नसमारंभ वा मिरवणुकीत निष्काळजीपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे, हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

या धोरणाविरुद्ध दोन प्रकारचे आक्षेप घेतले जातात. गोळीबाराच्या गुन्ह्यांत वापरली जाणारी शस्त्रे बहुतांशी गावठी व बिनपरवाना असतात. म्हणून परवानाधारकांवरील वाढती बंधने चुकीच्या जागी आहेत, असे एक मत आहे. दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा आहे. कोकणासारख्या भागात रानडुकरे व वानरे यांपासून भात, नारळ व फळबागा यांचे रक्षण करणे अवघड झाले असून ठासणीची बंदूक परवान्याने मिळाली, तरी तिने कोणता प्राणी मारता येईल हे वन्यजीवविषयक कायदा ठरवितो. पुष्कळदा अशा बंदुकीचा बार पाखरे व जनावरे हुसकावण्यापुरताच उपयोगी पडतो. परवाना मिळविण्यास लागणारा काळ व प्रतिष्ठितांना तो सहज मिळतो ही समजूत यांमुळे बंदूक ही काही भागांत संरक्षणापेक्षा मानमरातबाची वस्तू झाली आहे.

शिकार : वैभवापासून बंदीपर्यंत : ब्रिटिश अमदानीत मोठी शिकार हे सत्तेचे प्रदर्शन बनले. हाका घालून जनावर मचाणाखाली वा हत्तींच्या कड्यात आणावयाचे आणि दुनळी रायफलीने ते टिपावयाचे, ही तिची रूढ पद्धत होती. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाच्या शिकारीत नेपाळच्या तराईत दहा दिवसांत ३९ वाघ मारले गेले. सुरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघांची शिकार नोंदविली जाते. कोल्हापूर संस्थानात शिकविलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविली जाई. भारतातील अखेरचे ज्ञात तीन चित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानात मारले गेले व १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नष्ट झाल्याचे घोषित झाले.

याच काळात शिकाऱ्यांचा एक नीतिनियमही रूढ झाला. लक्ष्य स्पष्ट दिसल्याखेरीज बार न काढणे, मादी व पिल्ले यांना सोडणे आणि जखमी जनावराचा माग काढून त्याला वेदनामुक्त करणे, हे त्यातील मुख्य संकेत होत. चुकलेल्या नेमाची किंमत इतरांना मोजावी लागते, हे जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) याच्या अनुभवातून दिसून आले. ४३६ माणसांच्या मृत्यूस कारण झालेली चंपावतची वाघीण त्याने १९०७ मध्ये मारली, तेव्हा तिचे एका बाजूचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले आढळले. नरभक्षक वाघ बहुधा जखमेमुळे वा वार्धक्यामुळे माणसाकडे वळतो, असे त्याचे मत बनले. उत्तरायुष्यात त्याने रायफलीऐवजी कॅमेरा जवळ केला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानास पुढे त्याचेच नाव देण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर संस्थानिकांची राखीव शिकारक्षेत्रे खुली झाली, जीपगाड्या व प्रखर विजेऱ्या यांचा वापर वाढला आणि परदेशी हौशी शिकाऱ्यांसाठी व्यावसायिक सहली निघू लागल्या. परिणामी शिकारीचे संकेत शिथिल होऊन संहार वाढला. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात सु. १,८२७ वाघ आढळले. त्याच वर्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाटाचा समावेश झाला. १९७२ च्या अधिनियमात परवान्याने काही शिकार करण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही रद्द झाली. २०२२ च्या गणनेनुसार वाघांची संख्या सरासरी ३,६८२ इतकी अंदाजिली गेली. केवळ बंदीने ही वाढ झाली नसली, तरी बंदीवाचून ती शक्य नव्हती.

या यशाची दुसरी बाजू उपेक्षणीय नाही. पारध हाच ज्यांचा व्यवसाय होता, त्या पारधी समाजातील अनेकांवर प्रथम गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी वीस वर्षांनी त्यांचे परंपरागत कसबच बेकायदा ठरले. त्यांना पर्यायी उपजीविका पुरेशा प्रमाणात मिळाली नाही. राजेरजवाड्यांच्या बंदुकांनी जंगले ओस पडली आणि शिक्षा फासे लावणाऱ्यांना झाली, ही तक्रार निराधार म्हणता येत नाही. माणूस व वन्य पशू यांच्या संघर्षात शस्त्र केव्हा वापरावे, हा प्रश्नही कायम आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली ‘अवनी’ (टी–१) वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारण्यात आली. तेव्हा ग्रामस्थांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तर तिला बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न खऱ्या अर्थाने झाला की नाही, यावर देशभर वाद झाला.

नेमबाजीचे नवे क्षेत्र : शिकार व शस्त्र यांवरील बंधने वाढत असताना नेमबाजीला खेळाच्या मैदानात स्थान मिळाले. १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. गांधीजींच्या सहवासात घडलेल्या मावळंकरांनी हे पद स्वीकारावे, यात गांधींच्या भूमिकेचीच संगती दिसते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या (स्थापना १९४८) शिबिरांतून सामान्य घरांतील मुलामुलींना रायफल प्रथमच हाताळावयास मिळाली. आरंभीचे नामवंत नेमबाज मात्र शिकारीची परंपरा असलेल्या घराण्यांतील होते. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह यांनी १९६२ च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळविले व पाच ऑलिंपिक स्पर्धांत भाग घेतला.

ही स्थिती हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीने पालटली. ठराविक मर्यादेहून कमी शक्तीच्या ४·५ मिमी. हवाई बंदुकीस परवाना लागत नसल्याने दहा मीटरच्या प्रकाराचा सराव शहरांतील लहान जागेतही होऊ लागला. या प्रकारात दहा गुणांचा मध्यबिंदू अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. त्यात बलापेक्षा श्वासावरील ताबा, शरीराची स्थिरता व घोडा दाबतानाची सहजता यांनाच महत्त्व असते. मुंबईच्या अंजली भागवत २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २००८ मध्ये बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी याच प्रकारात भारताला वैयक्तिक स्पर्धेतील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले.

या बदलाचे उदाहरण म्हणून कोल्हापूरचा उल्लेख करता येईल. छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान असलेला दाजीपूरचा परिसर १९५८ मध्ये अभयारण्य घोषित झाला. आज तो राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. याच जिल्ह्यातील तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरल्या, तर राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत पिस्तुलाच्या प्रकारात सुवर्णपदक मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये गुडघ्यावर, पालथे पडून व उभ्याने अशा तीन स्थितींतील ५० मीटर रायफल प्रकारात ४५१·४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या मुलखातील सामान्य कुटुंबांतून आलेल्या नेमबाजांनी मिळविलेला हा लौकिक लक्षणीय आहे. तथापि आयात रायफली व काडतुसे यांचा खर्च आणि सरावस्थानांची कमतरता यांमुळे हा खेळ सर्वसामान्यांना अद्यापि महागच पडतो.

समालोचन : कौटिल्याने शिकारीच्या समर्थनार्थ सांगितलेले नेमाच्या सरावाचे प्रयोजन आता प्राण्यांची हत्या न करता साध्य होते. शिकारीविषयीच्या जुन्या मतभेदाचा निर्णय कायद्याने निषेधाच्या बाजूने दिला आहे आणि शस्त्राच्या हक्काची साठ वर्षांची मागणी स्वतंत्र राष्ट्राने विचारपूर्वक बाजूला ठेवली आहे. या तिन्ही निर्णयांचे समर्थन करता येते. पण ज्या विश्वासाच्या आधारावर हक्काऐवजी परवाना स्वीकारला गेला, तो टिकविण्याची जबाबदारी शासनावर येते. पिकाची राखण करणारा शेतकरी, पारध सुटलेला पारधी आणि जंगलाच्या कडेला राहणारा ग्रामस्थ यांना संरक्षण, उपजीविका व वेळेवर नुकसानभरपाई मिळाली, तरच त्यांच्याकडून अपेक्षिलेला संयम न्याय्य ठरेल. १८७८ च्या कायद्यावरील मुख्य आक्षेप बंदूक नाकारल्याचा नव्हता, तर माणसामाणसांत भेद केल्याचा होता. परवाना देण्याची कोणतीही पद्धत याच कसोटीवर पारखली जावयास हवी.